हँडलवरची चप्पल

तुमच्या घरची लाइट गेली की तुम्ही सबस्टेशनला फोन करता आणि आम्ही तो उचलत नाही, अशी आमची ख्याती आहे. ती खरी आहे. का उचलत नाही हे आजवर मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं म्हटलं असतं तर त्यासाठीही फोनच करावा लागला असता. तेव्हा निवृत्त झाल्यावर आता आपणहून सांगतो. नोकरीत असताना कधी फोन उचललाच तर मी "काम चालू आहे" एवढंच सांगायचो. त्यात खोटं काही नसायचं.

मी सबस्टेशनचा ऑपरेटर होतो. कागदावर यंत्रचालक, गावात 'लायटीच्या ऑफिसातले भाऊ'. घर आटगावला. सुरुवातीची बरीच वर्षं तानसाच्या अंगाला काढली. तिथलं पाणी मुंबईला जातं आणि डोक्यावरून जाणाऱ्या मोठ्या ताराही मुंबईलाच जातात. आम्हाला दोन्हींचा आवाज तेवढा ऐकू यायचा. शेवटची वर्षं मात्र मुरबाड तालुक्यात गेली, धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सबस्टेशनला. एक खोली, भिंतीला कपाटांसारखी उभी असलेली लोखंडी पॅनेलं, प्रत्येक पॅनेलला एक हँडल, वर देवीचा फोटो, आणि बाहेर कुंपणात सदानकदा गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर.

एक हँडल म्हणजे एक फीडर, म्हणजे बऱ्याच गावांकडे जाणारी एक लाइन. हँडल एका बाजूला फिरवलं की गावं बंद, दुसऱ्या बाजूला फिरवलं की चालू. एवढंच काम. ते कोणालाही शिकवता येतं. हँडल कधी फिरवायचं नाही, हे शिकवायला मात्र पुरी नोकरी जाते.

कारण असं, की लाइनमन पोलवर चढतो तेव्हा त्याला लाइन बंद करून हवी असते. त्यासाठी तो ऑपरेटरकडून परमिट घेतो. मी लाइन बंद करतो, तो जातो, चढतो, तुटलेली तार जोडतो, उतरतो, परमिट परत करतो, मग मी लाइन चालू करतो. या दोन टोकांच्या मधल्या वेळात त्याचा जीव माझ्या हातात असतो. तो मला दिसत नसतो, मी त्याला दिसत नसतो. मधे डोंगर, भातखाचरं आणि फोनवर शिव्या देणारी गावं असतात.

आमच्याकडे या मधल्या वेळासाठी एक जुनी रीत होती. लाइनमन कामाला निघताना आपली एक चप्पल काढून त्या फीडरच्या हँडलला लटकवायचा. एकच. दुसरी पिशवीत टाकायचा आणि कंपनीने दिलेले बूट घालून जायचा. काम संपलं की स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने चप्पल काढायची, पायात घालायची, मग मी हँडलला हात लावणार. फोनवर सांगितलेलं चालत नसे. दुसऱ्याला पाठवलेलं चालत नसे. नवीन माणूस विचारायचा, दोन्ही का नाही ठेवायच्या? तर दोन्ही चपला दाराशी प्रत्येकजणच काढून ठेवतो, त्यांच्याकडे बघतो कोण? आणि एका चपलेने माणूस घरी जात नाही. टोपी विसरेल, डबा विसरेल, बायकोने सांगितलेली भाजी तर हमखास विसरेल, पण एका पायात चप्पल घालून निघालेला लाइनमन मी तरी पाहिला नाही.

ही रीत कुठल्या नियमात नव्हती, म्हणून ती पाळली जायची.

अशा ठिकाणी बनसोड मॅडम आल्या. सहायक अभियंता, मूळच्या वर्ध्याकडच्या, आधीची नोकरी कुठे लांबच्या विभागात झालेली. बोलायला मऊ, पण ऐकायला कठीण. पहिल्याच दिवशी कंट्रोल रूममध्ये आल्या, देवीच्या फोटोला नमस्कार केला, खाली नजर गेली आणि हात जोडलेलेच राहिले.

"काका, हे काय आहे?"

"चप्पल आहे, मॅडम."

"ते दिसतंय मला. इथे का आहे?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून परमिटचं ॲप येतंय. हे बंद करू या." चेहरा असा झाला होता की मला वाटलं, घाण वाटली असेल. चप्पल काथोडची होती, त्यामुळे तसं वाटण्यात काही गैर नव्हतं.

काथोड आमचा सीनियर लाइनमन. डोंगरातल्या वाडीचा. आवाज एवढा मोठा की त्याला फोनची गरज नव्हती असं आम्ही म्हणायचो. पावसाळ्यात भात लावून ड्युटीवर यायचा, ड्युटी करून भात कापायला जायचा, आणि या सगळ्यात आपल्याइतकं वीज खात्यातलं कुणालाच कळत नाही हे दिवसातून एकदा तरी सांगायचा. गणपतीत भजन म्हणायचा आणि तिथेही इतरांना सूर कळत नाही असंच त्याचं मत होतं.

ॲप साधं होतं. लाइनमनने मोबाइलवर परमिट मागायचं, माझ्या स्क्रीनवर ते उमटायचं, मी लाइन बंद करून मंजूर करायचं. काम झालं की त्याने आपला पिन घालून 'काम पूर्ण' दाबायचं, माझ्याकडे हिरवी खूण येणार, मी लाइन चालू करायची. झालं. हे सगळ्यांना शिकवायला मास्टर ट्रेनर हवा होता, आणि ती माळ माझ्या गळ्यात पडली. माझी पात्रता अशी, की रोज सकाळी ग्रुपवर फुलांचे फोटो टाकणारा आमच्यात मी एकटाच होतो.

मग जे सुरू झालं त्याला असहकार म्हणवत नाही, कारण असहकारात माणूस निदान नाही म्हणतो. आमच्यात कुणी नाही म्हणायचं नाही. "हो भाऊ, एकदम बेस्ट हाय," असं म्हणून जो तो निघून जायचा. एकाचा मोबाइल चिखलणीत पडला. एकाचा पोराने अभ्यासाला नेला. एकाच्या अंगठ्याला म्हणे स्क्रीन दाद देत नव्हती. तोच अंगठा पत्त्यांचा गेम खेळताना झरझर चालायचा. चढण्याआधी हेल्मेट घालून सेल्फी पाठवायचा नियम होता, तर काथोडने पहिल्या दिवशी नुसत्या हेल्मेटचा फोटो पाठवला. मी फोन केला तर म्हणाला, "त्यांना हेल्मेटच बघायचाय ना? माझा थोबाड त्यांना म्हायती हाय." मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "नवीन आहे ना, काका. थोडे दिवस जातील. सवय होते."

आणि हे सगळं करून चप्पल हँडलवर होतीच. मॅडम आल्या की मी ती काढून बाजूला ठेवायचो, त्या गेल्या की परत लटकवायचो. मास्टर ट्रेनर म्हणून मी ॲप शिकवायचो आणि ऑपरेटर म्हणून चप्पल सांभाळायचो. दोन्ही कामं मी मनापासून केली.

चपलेत दोष नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा काथोडने दुपारी काम संपवलं आणि परत न येता तिथूनच परस्पर मेव्हण्याच्या हळदीला गेला, पायात कंपनीचे बूट तसेच. चप्पल इथे लटकलेली. मी आपला बसलो. फोन वाजत राहिला, मी "काम चालू आहे" सांगत राहिलो. संध्याकाळ झाली तशी काथोडचाच फोन आला. मागून बायकांचा गलका ऐकू येत होता.

"भाऊ, लाइट का नाय? इथं डीजे आणलाय, पावनी बसलीत, तुमी तिथं झोपलाव काय?"

"तुझी चप्पल लटकतेय," मी म्हटलं.

त्याचा आवाज खाली आला. आयुष्यात पहिल्यांदा.

"मग काढा ना."

"मी काढत नसतो, तुला माहीत आहे."

"भाऊ, मी बोलतोय ना आता तुमच्याशी! जिता हाय मी!"

"ये आणि दाखव."

आला. मोटरसायकलवरून, तोंडाला, मानेला, शर्टाला हळद फासलेली, आणि मागच्या सीटवर त्याने घाई करावी म्हणून पाठवलेली त्याची बायको. तिने कंट्रोल रूमच्या दारातून हँडलकडे बघितलं आणि म्हणाली, "या गो बाई, आख्ख्या हळदीत अंधार, तो या खेटरापायी?" काथोडने मुकाट्याने चप्पल काढली. मी हँडल फिरवलं. लांबून डीजेचा आवाज आला तेव्हा ती दोघं अजून वाटेतच असतील. दुसऱ्या दिवशी मॅडमना हे कुणीतरी सांगितलं. त्यांनी मला बोलावलं.

"बघा काका. ॲप वापरलं असतं तर त्या माणसाने हळदीतून बटण दाबलं असतं."

खरंच दाबलं असतं. हळूहळू आमच्यातले बरेच जण ॲप वापरू लागले, कारण त्याने परमिटची लिहालिही वाचते हे त्यांच्या लक्षात आलं. हिरवी खूण आली तरी मी मात्र चप्पल निघेपर्यंत थांबायचो. काथोडनेही शेवटी पिन घेतला. पण त्याने त्यातून आपली वाट काढली, ती आम्हाला फार उशिरा कळली.

त्याच्या भागात, डोंगराच्या घळीत, मोबाइलला रेंज नाही. रेंज फक्त वरच्या टेकाडावर देवळापाशी, जिथे दत्तूची चहाची टपरी आहे. पोलवरून उतरायचं, टेकाड चढायचं, बटण दाबायचं, हे काथोडला कसं पटावं? जाताना टपरीवरूनच सेल्फी पाठवून त्याने मोबाइल दत्तूकडे ठेवायला सुरुवात केली. पिनही सांगून ठेवला. काम झालं की काथोड खालून टॉवेल हलवणार, दत्तूने तो बघून 'काम पूर्ण' दाबायचं. दत्तूला या कामाचा एवढा अभिमान, की गिऱ्हाइकाला चहा देताना सांगायचा, "थांबा जरा, लाइन माझ्याकडं हाय."

मी नंतर काथोडला विचारलं, की एवढा जुना माणूस तू, असं कसं केलंस? तो म्हणाला, "भाऊ, तो मोबाइल मॅडमसाठी होता. माझी चप्पल तुमच्याकडं होती ना."

आता त्या दिवसाचं सांगतो. विभागातून मोठे साहेब ॲप बघायला येणार होते. आमचं सबस्टेशन नमुन्यादाखल निवडलं होतं. मॅडमनी सकाळीच येऊन सगळी खोली पुसून घेतली आणि म्हणाल्या, "काका, आज तरी ती चप्पल नको. प्लीज." काथोड सकाळीच चप्पल लटकवून, परमिट घेऊन घळीतल्या डबल पोलवर कामाला गेलेला. मी चप्पल काढली आणि माझ्या खुर्चीखाली सरकवली. हँडल मोकळं झालं. इतकी वर्षं ते हँडल बघत होतो, पण लाइन बंद असताना ते एवढा वेळ तसं नागडं पहिल्यांदाच बघितलं, आणि मला ते बिलकूल आवडलं नाही.

साहेब आले, बसले, चहा झाला. मॅडम स्क्रीनवर सगळं दाखवत होत्या: हे परमिट, हा लाइनमन, ही त्याची जागा, हा सेल्फी (त्या दिवशी काथोडने थोबाडासकट पाठवला होता). साहेब खूश. तेवढ्यात टिंग असा आवाज झाला आणि हिरवी खूण आली. 'काम पूर्ण. परमिट परत.'

"वा!" साहेब म्हणाले. "अगदी आपल्या समोर. चला, करा लाइन चार्ज."

मी उठलो. उठताना पाय खुर्चीखाली गेला आणि टाचेला चप्पल लागली.

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायला गेलो तर काहीतरी मोठं सांगतोय असं होईल. साधी गोष्ट होती. चप्पल इथे आहे म्हणजे काथोड तिथे आहे, हे माझ्या अंगात एवढं मुरलं होतं की हात पुढे जाईना. स्क्रीन हिरवी, साहेब समोर, आणि मी खुर्चीला धरून उभा.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, चप्पल," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या माझ्यावर चिडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "काका, हात लावू नका," आणि साहेबांसमोरच काथोडला फोन लावून स्पीकरवर टाकला.

फोन दत्तूने उचलला.

"हां बोला. झाला काम. मी दाबला ना बटन?"

"काथोड कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"खालीच हाय. टावेल हलवला त्यानी. लय जोरात हलवला आज." मग तो थांबला. "अजून हलवतोय. मॅडम, तो... तो उतरला नाय अजून. वरच हाय. गांधीलमाश्या उठल्यात वाटतं. ओ काथोड! आरं उतर ना रं!"

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मॅडम खाली वाकल्या, माझ्या खुर्चीखालून स्वतःच्या हाताने ती चिखलाची चप्पल काढली आणि हँडलला लटकवली. नीट बसली नाही म्हणून दुसऱ्यांदा लटकवली.

कामाच्या जागी लाइनला साखळी टाकून ती जमिनीला जोडायची, म्हणजे चुकून वीज आलीच तरी माणूस वाचावा, असा नियम आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवशी काथोडने साखळी टाकली होती का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. ऐकायची माझी हिंमत नाही.

तो दुपारी आला. एक डोळा बंद, ओठ सुजलेला, कान दुप्पट झालेला. साहेब निघून गेले होते. काथोडने आम्हा दोघांकडे एका डोळ्याने बघितलं, चप्पल काढली, पायात घातली आणि सुजल्या तोंडाने म्हणाला, "चालू करा. धसईवाल्यांचा फोन आला असंल." मी हँडल फिरवलं. मग मात्र मला रडू आवरलं नाही. काथोडला वाटलं, त्याचं तोंड बघून मी हसतोय, आणि तो रागावून निघून गेला.

मॅडम तिथेच बसून राहिल्या. म्हणाल्या, "काका, मला ती चप्पल का नको होती, माहितीय?"

"घाण वाटत असेल."

"नाही हो." आणि मग त्यांनी सांगितलं. आधीच्या ठिकाणी त्यांचा एक लाइनमन पोलवर काम करतानाच गेला होता. परमिट फोनवर तोंडी दिलं होतं, दुसऱ्या कुणाच्या निरोपावरून लाइन चालू झाली. बातमी आली तेव्हा त्या धावत सबस्टेशनमधून बाहेर पडल्या, तर दाराशी त्याच्या चपला होत्या. बूट घालून जाताना काढून ठेवलेल्या, व्यवस्थित, शेजारी शेजारी. "आम्ही सकाळपासून त्यांना ओलांडून आत-बाहेर करत होतो, काका. म्हणून मी ॲप मागून घेतलं इथे. पुन्हा कुणाच्या निरोपावर काही चालू नये म्हणून. आणि तुमच्याकडे येऊन बघते तर समोर चप्पल."

मी चहा मागवला.

पुढे जे झालं ते खात्याच्या रीतीने झालं. साहेबांनी या घटनेची दखल घेतली. ॲप चालू राहिलं, त्यात फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नये अशी लाल अक्षरांतली ओळ आली, आणि चपलेऐवजी लटकवायला प्लास्टिकची लाल टोकनं आली, छान, नंबर घातलेली. लाइनमननी ती घेतली, "एकदम बेस्ट हाय" म्हणाले आणि खिशात घालून घरी नेली. काथोडचं टोकन त्याच्या बैलाच्या गळ्यात दिसायचं. हँडलवर चप्पलच राहिली, आणि मॅडम आल्या की मी ती लपवायचो ते तेवढं बंद झालं.

मी निवृत्त झालो, मॅडमची बदली झाली. आता घरी लाइट गेली की बायको म्हणते, करा की तुमच्या लोकांना फोन. मी करत नाही. कुणाची तरी चप्पल लटकलेली असणार, असं म्हणून उन्हाळ्याचा घाम पुसत बसतो. ती मला काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मागच्या महिन्यात मॅडमचा फोन आला. नव्या ठिकाणी सगळी तरुण पोरं आहेत, ॲप जन्मजात आल्यासारखं वापरतात. मॅडमनी त्यांना सांगितलं, ॲप असू द्या, शिवाय एक चप्पल हँडलला लटकवून जायचं. पोरं हसली. एकजण म्हणाला, मॅडम, हे कुठल्या जमान्यातलं? एकाने युनियनकडे तक्रार केली, की आम्हाला चपला काढायला लावून अपमान करतात. बाकीचे "हो मॅडम" म्हणतात आणि तसेच निघून जातात.

"काका, काय करू मी? कुणी ऐकतच नाही."

मला हसू आलं. "नवीन आहे ना," मी म्हटलं. "थोडे दिवस जातील. सवय होते."

त्याही हसल्या. हे वाक्य कुणाचं ते त्यांच्या लक्षात आलं होतं. मग म्हणाल्या, "पण आज एकाने ठेवली. सगळ्यात लहान आहे. बाकीचे चिडवत होते, तरी ठेवली."

"एकच ठेवली ना?"

"एकच."

"आणि दुसरी?"

"पिशवीत घेऊन गेलाय. अजून आला नाही."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात?" मी म्हटलं. "फोन ठेवा, आणि तो ती न्यायला येईपर्यंत तिथून हलू नका."